पितळी बटणाचा कोट

सोमवारी हफ्सियाच्या बाजारात गासड्या फुटतात. युरोपातल्या लोकांनी टाकलेले कपडे दाबून, पट्ट्यांनी आवळून, बोटीतून ट्युनिसला येतात आणि दुकानदार अम्म मोंजी, म्हणजे मोंजीकाका, सकाळी बरोबर सातला सुरीने पट्टी कापतो. तो 'फट्ट' आवाज ऐकायला दुर्साफ सहाला उठायची. एरवी तिला आठला उठवायचं तरी तिच्या आईला भांडी आपटावी लागत.

"आज काय आलंय, अम्म मोंजी?"

"बेल्जियमच्या म्हाताऱ्या."

"देवाघरी गेलेल्या?"

"तुला काय करायचंय? कपडे जिवंत आहेत ना!"

या जुन्या कपड्यांच्या बाजाराला आम्ही 'फ्रीप' म्हणतो. सोमवारी भाव आभाळात, मग रोज एकेक पायरी खाली, आणि रविवारी उरलंसुरलं जमिनीवर ओततात, वेचा हवं ते. शहाणी माणसं मधला कुठलातरी दिवस धरतात. दुर्साफ सोमवारी जायची आणि रविवारीही. सोमवारी आवडलेलं कुणी नेलं नाही ना, हे बघायला. चष्म्याच्या दुकानात नोकरी, सुट्टी रविवारी, सोमवारी दुकान दहाला उघडायचं. तेवढ्यात तिचा आख्खा बेल्जियम उपसून व्हायचा. मी तिची शाळेपासूनची मैत्रीण, लुब्ना. मी नाटकात कामं करते, आणि आमच्या निम्म्या नाटकांचे कपडे तिने त्याच ढिगातून काढून दिलेत.

तिची ही ऐट उपजत मात्र नव्हती हं. सतराव्या वर्षी ती तीन महिने गुलाबी फिती लावून हिंडली, कारण फोनमध्ये कुणीतरी तशी होती. मग काळे ओठ, काळे बूट. तिच्या बाबांनी तीस वर्षं ट्राम चालवली, ते म्हणाले, "पोरी, तुला कुणी फसवलंय का? पत्ता सांग, मी जाऊन येतो." मग एका रविवारी, बाजारात अंगातल्या कपड्यांवरच कपडे घालून बघायचे असतात म्हणून, तिने मामेबहिणीच्या लग्नातल्या चमचमत्या पोलक्यावर कुठल्याशा रेल्वे कामगाराचं निळं, जाडंभरडं जाकीट चढवलं. अम्म मोंजीच्या तडकलेल्या आरशासमोर उभी राहिली आणि तिथून हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"लुब्ना, ही बघ. ही मी."

त्या दिवसापासून तिचा एकच नियम. अंगावरची एक गोष्ट चुकीची हवी. बाकी सगळं नीट, पण एक चुकीची. तिच्यावरून लोकांना कळतं की आत कुणीतरी राहतं.

बाजारात तिला एकच प्रतिस्पर्धी होती, आणि तिला तिने कधी पाहिलं नव्हतं. अम्म मोंजी सांगायचा, "दर गुरुवारी एक बाई येते. मोठा काळा चष्मा, डोक्याला रुमाल, तोंडातून शब्द नाही. लेबल बघत नाही. डोळे मिटते आणि शिवणीवरून अंगठा फिरवते. बिन्ती, माझ्या पोरी, तू उस्ताद आहेस, पण ती बाई म्हणजे सुलतान!" गुरुवारी दुर्साफ दुकानात अडकलेली. ती चडफडायची, "एकदा भेटू दे मला!"

गेल्या हिवाळ्यात तिला तो कोट सापडला. पुरुषी, विटकरी रंगाचा, लोकर अशी की हात ठेवला की काढवत नाही. चार बटणांतलं एक गायब होतं. तिथे तिने बाबांच्या जुन्या गणवेशाचं पितळी बटण लावलं. एक खिसा आतून फाटलेला. त्याला बाबांच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पायजम्याचं अस्तर घातलं. बाबा आठवडाभर पायजमा शोधत होते. बाह्या चार बोटं आखूड, त्या ती कोपरापर्यंत सारायची. तो कोट घालून ती गल्लीतून निघाली की कॉफीच्या दुकानातले लोक पत्ते खेळायचे थांबत.

आणि मग आला स्कंदर. आईच्या काळ्या चष्म्याची मोडलेली दांडी बसवून घ्यायला दुकानात आला आणि मग स्वतःचे डोळे तपासायला चारदा आला. डोळे ठणठणीत. विमा कंपनीत नोकरी, मनाने सरळ, हसला की गालाला खळी. मे महिन्यात दोन्ही घरांनी फातिहा वाचून लग्न पक्कं केलं.

त्याच दिवशी त्याच्या आईने, लल्ला म्हणजे बाईसाहेब झकियाने, दुर्साफच्या पोलक्याची बाही चिमटीत धरली.

"हे कुठून घेतलंस गं?"

"हफ्सियातून," दुर्साफ म्हणाली. अशी, की जणू पॅरिसचं नाव घेतेय.

लल्ला झकियाने बाही सोडली. विस्तव सोडावा तशी. "अस्तगफिरुल्लाह! परक्यांची उतरलेली कातडी!"

आठवड्याने स्कंदरने तिला कॉफी पाजली आणि विषय काढला. ती तिथून उठून थेट माझ्याकडे आली आणि सगळं जसंच्या तसं करून दाखवलं, त्याच्या आवाजासकट.

"दुर्साफ, एक मागू?"

"माग की."

"ते फ्रीपचं सोड. आईला चालत नाही. आमच्या घरात आजवर कुणी उतरलेलं कापड अंगाला लावलं नाही."

"आणि तुला?"

"मला... दुसऱ्याचा घाम आठवतो."

"मी धुते, स्कंदर."

"तसं नाही गं. वचन दे ना."

"आणि तू काय दिलंस?" मी विचारलं.

"वचन. दुसरं काय देणार! पण त्याचा तो राखाडी सूट बघितलास? खांद्यावर असा बसलाय ना! शिंपी कोण म्हणून विचारलं तर म्हणतो, आई आणते."

जूनमध्ये तिने दोन पोती भरली आणि अम्म मोंजीच्या पुढ्यात ठेवली.

"घर बदलतेयस?" त्याने विचारलं.

"नवरा करतेय."

"मग तोही रविवारी घ्यायचास. स्वस्तात पडला असता."

ती हसली नाही. तेव्हा त्याने पोत्यात हात घातला, विटकरी कोट काढला आणि खुंटीवर उंच टांगला. "हा जमिनीवर नाही टाकणार. याला माणूस बघून देईन."

पुढचे चार महिने मला आठवावेसे वाटत नाहीत. मॉलमधल्या फिकट पिवळट पँटी, फिकट पिवळट शर्ट. एकही गोष्ट चुकीची नाही. दुर्साफ दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसायला लागली. गल्लीत पत्ते चालूच राहायचे. एकदा म्हणाली, "सकाळी कपाट उघडलं की वाटतं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेय."

"आणि हे जन्मभर?"

"कापडच तर आहे, लुब्ना. कापडासाठी कुणी लग्न मोडतं का?"

पण बोलताना तिची बोटं माझ्या दंडावर होती, माझ्या शर्टाच्या शिवणीवर. तिला कळलंही नव्हतं.

ऑक्टोबरात मौलिद, पैगंबरांचा जन्मदिवस, आला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघर झगूगूची, म्हणजे पाइनच्या बियांची, काळी खीर शिजते, वर मलई आणि बदाम-पिस्त्यांची नक्षी. आणि होणाऱ्या सुनेसाठी सासरहून मूसिम येतं: टोपलीत खीर, अत्तर, कापड. ते सगळ्या बायकांसमोर उघडायचं, अशी रीत. लल्ला झकिया आली ती दाराशीच आनंदाच्या किलकाऱ्या मारत. स्कंदर तिला सोडून तास-दीड तासाने परत येणार होता. दिवाणखान्यात दुर्साफची आई सलवा, तिची बहीण खालती बेया (आमच्याकडे मावशीला खालती म्हणतात), शेजारच्या चौघी आणि मी. खालती बेयाच्या पोटात गोष्ट राहत नाही. गल्लीत तिला नळ म्हणतात.

"उघड गं, उघड," लल्ला झकिया म्हणाली. "थंडी येतेय. माझ्या भावजयीने फ्रान्सहून पाठवलाय. लियोंच्या मोठ्या दुकानातला. कोरा!"

दुर्साफने फीत सोडली. पातळ कागद बाजूला केला.

विटकरी.

मला वाटलं, एका रंगाचे दोन कोट असू शकतात. का नसावेत? मग तिने तो उचलला, उजेडात घडी उलगडली, आणि दुसऱ्या क्रमांकाचं बटण लख्खकन चमकलं. पितळी.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा रंगमंचावर दचकलेय. ते सगळं खोटं होतं. खरं दचकल्यावर माणूस छातीवर हात ठेवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हात हलतच नाहीत. सलवामावशीचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. तिने ते बटण तीस वर्षं घासलं होतं. दुर्साफ कोटाकडे बघत होती, गाडलेलं माणूस दारात उभं दिसावं तशी.

"अगं, हे तर आपल्या—" खालती बेयाने सुरुवात केली.

सलवामावशीने तो अधांतरी चमचा बहिणीच्या तोंडात कोंबला. "खीर खा, बेया. बदाम बघ किती आहेत."

"घालून दाखव की!" शेजारणी म्हणाल्या.

दुर्साफने कोट घातला. आणि आता दुसरा धक्का. तिने सवयीने बाह्या सारायला हात नेला, पण बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या. नेमक्या. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

किलकाऱ्या उठल्या. लल्ला झकियाची मान ताठ झाली. दुर्साफ खिशात हात घालून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आतल्या पायजम्यालाही तिचं बोट लागलंय.

"मी चहा बघते," ती म्हणाली. मी मागोमाग स्वयंपाकघरात धावले. आणि माझ्या मागून लल्ला झकिया.

"लुब्ना, तू जरा बाहेर—"

"राहू दे तिला, लल्ला." दुर्साफने दार लोटलं. "कोट फार सुंदर आहे."

"असणारच. लियोंचा आहे."

"बटण पितळी आहे."

"तिकडे आता तशीच फॅशन आहे."

"त्यावर ट्युनिसच्या ट्रामचा शिक्का आहे."

शेगडीवर चहा खदखदत होता. लल्ला झकियाने वाकून बटण बघितलं, बोटाने चाचपलं, आणि लाकडी स्टुलावर बसली.

"कुणाचं?"

"माझ्या बाबांचं. आणि हा त्यांचा पायजमा." दुर्साफने खिसा उलटा केला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्या बाहेर लोंबल्या. "कोट माझा आहे, लल्ला. जूनमध्ये तुमच्यासाठीच सोडला."

मला वाटलं, आता ही बाई रडेल, नाहीतर ओरडेल. तिचा रंग उतरला होता. पण ती पुटपुटली ते वेगळंच. "तुझा? हा तुझाच होता?" आणि कपाळाला हात लावला. "या रब्बी! तरीच!"

"तरीच काय?"

"तीनदा गेले त्याच्यासमोरून. उंच टांगलेला. तिसऱ्यांदा काढायला लावला, डोळे मिटले, हात लावला आणि म्हटलं, हा त्या पोरीचा आहे. दुसऱ्या कुणाच्या अंगावर हा रडेल. मला काय ठाऊक, की खरंच..."

डोळे मिटले? हात लावला? माझ्या हातातला पेला सुटला आणि फुटला. कुणी बघितलंही नाही.

"गुरुवारी," दुर्साफ म्हणाली. "तुम्ही गुरुवारी जाता."

"सोमवारी आमच्या पेठेतल्या सगळ्या जातात. कुणी बघितलं तर?"

"काळा चष्मा. त्याची दांडी माझ्याच दुकानात बसवली." ती हसायला लागली, पण ते हसू नव्हतं. "लल्ला, मला वचन द्यायला लावलंत! कातडी म्हणालात!"

"मग काय म्हणणार होते? तू चारचौघांत तोंड वर करून 'हफ्सिया' म्हणालीस! मी एकोणतीस वर्षं जीभ चावून बसलेय. स्कंदरच्या दुपट्यापासून त्याच्या मुलाखतीच्या सुटापर्यंत सगळं तिथलं. लेबलं कापते, नवी शिवते. त्याच्या बापाला वाटतं, माझी भावजय फार उदार आहे."

"भावजय आहे तरी का?" मी न राहवून विचारलं.

"आहे की. अकरा वर्षांत चॉकलेटचा एक डबा पाठवलाय."

"पण मूसिमला तरी नवा का नाही घेतलात?"

यावर मात्र ती चिडली. खरीखुरी. "बघितली ना सगळी दुकानं! शिवणी बघितल्यास? एका धुण्यात उसवतात. सुनेला पहिल्या मौलिदला असलं देऊ? माझ्या हाताला लाज नाही?"

दुर्साफने बाही उलटी केली. आत गव्हाळ रंगाची पट्टी जोडलेली होती, टाके मुंगीच्या पावलाएवढे.

"हे?"

"माझ्या झग्याचं कापड. चार दुपारी लागल्या. तुझे हात लांब आहेत. फातिहाच्या दिवशीच बघून ठेवले होते." थोडं थांबून म्हणाली, "बटण बदलणार होते. पण ते काढलं की कोट मुका होतो."

दुर्साफने बाही पुन्हा सरळ केली. इतक्या वर्षांत तिचा तो नियम कुणाला न सांगता कळला होता, आणि कळला होता तो नेमका हिला.

दारात स्कंदरचा आवाज आला. लल्ला झकिया उठली, दुर्साफचं मनगट धरलं. "त्याला नको. तुलाही जमेल बघ हळूहळू. मी शिकवेन. लेबलं कशी कापायची, कुठल्या वेळी जायचं. मी तुला चष्मा देईन."

स्कंदर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला, मागे सगळ्या बायका.

"बघू? अरे वा! आता कसं! बघ दुर्साफ, मी म्हणत नव्हतो? नवं ते नवंच. नुसतं बघून कळतं."

नाटकात अशा जागी आम्ही मनात चार मोजतो. मी मोजले. चष्मा तिच्यासमोर धरलेला होता: घातला तर नवराही मिळत होता आणि कोटही, फक्त जन्मभर गुरुवारी मान खाली घालून जायचं. पाच मोजले. सहा.

"नवा नाही, स्कंदर," दुर्साफ म्हणाली. "हा माझाच कोट आहे. जूनमध्ये तू सोडायला लावलेला. हा बाबांचा पायजमा, हे त्यांचं बटण. आणि मी आता तो काढणार नाही."

लल्ला झकियाबद्दल एक अक्षर नाही. ते तिने आपल्यापाशी ठेवलं.

स्कंदरने खिशाकडे बघितलं. मग त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मामीने फसवलं आईला! जुना माल पाठवला! थांबा, आत्ता लियोंला फोन लावतो. अशी झापतो ना—"

"स्कंदर," लल्ला झकिया म्हणाली, "ठेव तो फोन."

"नाही, आई, असं कसं—"

"फोन ठेव. आणि सुटाचा कोट काढ."

"काय?"

"काढ म्हणतेय. आतल्या खिशाखाली बघ. माझ्या हातचे टाके आहेत. त्याखाली दुसरे टाके होते, ते उसवल्याची भोकं दिसतील."

त्याने काढला. बघितलं. बायका माना उंचावून पुढे सरकल्या. त्याने तो राखाडी सूट हात लांब करून धरला, चावेल या भीतीने धरावा तसा.

"शर्ट?" त्याने विचारलं.

"शर्ट नवा आहे."

त्याने सुटकेचा श्वास सोडला.

"बूट नाहीत," लल्ला झकिया म्हणाली.

तो खाली बघत राहिला. इतका वेळ, की शेवटी खालती बेयाचं तोंड मोकळं झालं: "मी तर बटण दिसल्यादिसल्याच सांगत होते! पण मला कुणी बोलू देईल तर ना!"

स्कंदर शर्टावरच घरी गेला, नऊ दिवस कुणाशी बोलला नाही. ना आईशी, ना दुर्साफशी. दुर्साफ रोज कोट घालून कामावर जायची. थंडी नव्हती, घाम येत होता, तरी. "येईल," मी म्हणायचे. "आला तर ये म्हणेन," ती म्हणायची, "नाही आला तर कोट आहे." पण दुकानाचं दार वाजलं की आधी तिचीच मान वळायची.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, तिने दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. आम्ही हफ्सियात पोचलो तर अम्म मोंजी एका बाईशी तोऱ्यात बोलत होता, "उगाच हाताळू नका, घ्यायचं असेल तर घ्या." बाईने उत्तर दिलं नाही. डोक्याला रुमाल नाही, डोळ्यांवर काही नाही. तिने डोळे मिटले आणि एका कुडत्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. अम्म मोंजीचा जबडा खाली आला.

"या अल्लाह! सुलतान! तुम्हाला डोळे आहेत?"

"आहेत," लल्ला झकिया म्हणाली. "आणि ही माझी सून. तिला माझ्याहून महाग लावलंस तर बघ."

बाजाराच्या तोंडाशी कॉफीच्या दुकानात स्कंदर उभा होता. आईला सोडायला आला होता म्हणे. आत येत नव्हता, जातही नव्हता. तासाभराने आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याने दुर्साफच्या बटणाकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"बेचाळीस नंबर," तो घसा खाकरून म्हणाला. "तपकिरी. म्हणजे... असेच दिसले कधी, तर."

"गुरुवारी बूट उरत नाहीत," दुर्साफ म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, त्यातली एक तिने त्याच्या हातात दिली. "सोमवारी ये. सहाला उठावं लागेल."